समुद्र कुठाय?

मेलबर्नहून रात्री निघालेलं विमान पहाटे पावणेसहाला सिंगापूरला टेकलं. पुढचं विमान दुपारी साडेचारला. तिकीट काढतानाच मी मुद्दाम मोठा थांबा घेतला होता आणि आईला म्हटलं होतं, "मधे दहा तास मिळतायत, शहरात जाऊन येऊ." तिचं उत्तर एवढंच, "माझे गुडघे बघ आणि मग काय ते ठरव."

विमान थांबलं, पट्टे सोडल्याचे आवाज झाले, माणसं बॅगा काढायला उभी राहिली. आई मात्र खिडकीला नाक लावून बसलेली. बाहेर मिट्ट काळोख.

"सहा वाजत आले. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ आता उजाडायला लागलं पाहिजे. काहीतरी गडबड आहे."

आईनं तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाली तरी तिच्या डोक्यातला नकाशा कधी घडी घालून ठेवला गेला नाही. रांगेत उभ्या उभ्या तिनं हिशेब केला. सिंगापूर १०४ रेखांश पूर्व. त्याला पंधरानं भागलं की ग्रिनिचच्या पुढे सात तास येतात, आणि इथलं घड्याळ तर आठ तास पुढे. "म्हणजे ह्यांचं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे धावतंय," तिनं निकाल दिला. खरंच तसं आहे. १९८२ सालच्या पहिल्या दिवशी सिंगापूरनं मलेशियाबरोबर घड्याळ अर्धा तास पुढे नेलं आणि त्याआधीही ते सूर्याच्या अर्धा तास पुढेच होतं. त्यामुळे बाराही महिने इथं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहाटे उतरणाऱ्या प्रवाशाच्या हे पथ्यावर पडतं. सगळं उरकून आठला बाहेर पडलं तरी ऊन अजून कोवळं असतं.

दहा तासांच्या थांब्यात शहराच्या वाट्याला दहा तास येत नाहीत, ही वजाबाकी आधी करायला हवी. उतरणं, तोंड धुणं, इमिग्रेशन, हातातलं सामान विमानतळावर ठेवायला देणं, यात दोन तास. जाण्यायेण्यात पावणेदोन. परत येऊन पुन्हा तपासणी, चालत विमानाच्या गेटपर्यंत जाणं, गुडघ्यांचा वेग, यासाठी अडीच तास हाताशी हवेतच. उरतात साडेतीन-चार तास. तेवढेच खरे. व्हिसाचंही आधी बघावं लागतं. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. मात्र ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, जपान अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल तर पुढच्या प्रवासाचं तिकीट आणि इतर अटी सांभाळून ९६ तासांपर्यंत आत जाता येतं. आम्ही ऑस्ट्रेलियाहून येत होतो म्हणून ते जमलं. शिवाय पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, तो फुकट आहे. साडेपाच तासांपेक्षा जास्त थांबणाऱ्यांसाठी विमानतळाच्याच मोफत बससहली आहेत. ज्याला डोकं चालवायचं नसेल त्यानं खुशाल त्या घ्याव्यात. मी घेतल्या नाहीत त्याला कारण माझा आधीचा थांबा.

काही वर्षांपूर्वी मी एकटीच इथं सात तास थांबले होते. यादी करून आले होते. मरिना बे सँड्स हॉटेलचे तीन मनोरे आणि त्यांच्या डोक्यावरची ती जहाजासारखी गच्ची, गार्डन्स बाय द बेमधली अठरा लोखंडी झाडं, पाण्याची चूळ टाकणारा मर्लायन, म्हणजे सिंहाच्या डोक्याचा आणि माशाच्या धडाचा पुतळा, ऑर्चर्ड रोडवरची दुकानं. सगळं बघितलं, पळत बघितलं. परत आल्यावर एका मैत्रिणीनं विचारलं, "कसं आहे गं सिंगापूर?" आणि मला "स्वच्छ आहे" याच्यापुढे एक वाक्य सुचेना. त्याचं फार वाईट वाटलं होतं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्या जागी आपण सात तास होतो आणि आपल्याकडे सांगायला एक शब्द नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

या वेळी आईच्या गुडघ्यांनी यादीच मोडीत काढली. एकच रस्ता चालायचा, जेमतेम अर्धा किलोमीटर. तेलोक आयर स्ट्रीट. मी तो निवडला तो नावासाठी. मलाय भाषेत तेलोक म्हणजे उपसागर, खाडी. आयर म्हणजे पाणी. नकाशावर मात्र त्या रस्त्याच्या आसपास पाण्याचा थेंब दिसत नव्हता. हे आईला सांगितलं आणि तिचे डोळे चमकले.

विमानतळावरून एमआरटीनं निघालो. म्हणजे इथली मेट्रो. बँकेचं स्पर्शानं चालणारं कार्ड फाटकावर टेकवलं की झालं, मात्र माणशी वेगळं कार्ड लागतं. तानाह मेरा स्थानकात गाडी बदलायची होती. आईनं नावाचा अर्थ विचारला, मी फोनवर शोधला. तानाह म्हणजे जमीन, माती. मेरा म्हणजे लाल. पूर्वी इथल्या किनाऱ्यावर लाल मातीचे कडे होते आणि ते दूर समुद्रातून जहाजांना दिसायचे, म्हणून हे नाव. "जांभा असणार," आई म्हणाली आणि फलाटावरून लांबवर बघू लागली. कडे नव्हते, किनाराही नव्हता. इमारती होत्या.

"मग समुद्र कुठाय?"

हा प्रश्न आईनं त्या दिवशी पहिल्यांदा विचारला तो तिथं. त्याच्यामागूनच आम्ही दिवसभर फिरलो. थोड्या वेळात शहर बघायचं तर हातात एखादा प्रश्न असावा असं मला आता मनापासून वाटतं. प्रश्न असला की काय सोडायचं ते आपोआप कळतं, आणि सोडल्याची हळहळ लागत नाही.

रॅफल्स प्लेसला वर आलो तेव्हा साडेआठ वाजले होते. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं भराभरा चालत होती आणि आम्ही दोघी त्यांच्यामधून हळूहळू. पाच-सात मिनिटांवर लाउ पा सात. उंच काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी बसलेला ओतीव लोखंडाचा अष्टकोनी बाजार, १८९४ सालचा, लोखंड ग्लासगोहून आलेलं. मधोमध घड्याळाचा मनोरा. जुना बाजार पाण्यावर होता आणि माल होडीतून थेट आत चढवता यायचा. आता आत खाण्याचे गाळे आहेत. असे गाळ्यांचे बाजार हा सिंगापूरचा जीव. २०२० साली युनेस्कोनं त्यांची संस्कृती आपल्या वारसायादीत घेतली.

नावानं आईला आणखी खूश केलं. होक्कियन चिनी बोलीत लाउ म्हणजे जुना. पा सात हा मलाय 'पासार'चा चिनी उच्चार. आणि पासार कुठून आला? फारसी 'बाजार'मधून. म्हणजे आपल्या तोंडात रोज असलेला शब्द जहाजावर चढून, मलाय होऊन, मग चिनी होऊन इथं पाटीवर बसलेला. "ओळखू येत नाही, पण आहे आपल्याच घरातला," आई म्हणाली.

चहा कसा मागायचा ते शिकून घेतलं होतं. नुसतं 'तेह' म्हटलं तर आटवलेलं गोड दूध घालून चहा येतो, 'तेह-ओ' म्हणजे बिनदुधाचा, 'तेह-सी' म्हणजे साखर नसलेलं आटवलेलं दूध घातलेला. साखर नको असेल तर पुढे 'कोसोंग' लावायचं. मलायमध्ये कोसोंग म्हणजे रिकामं. आईला मधुमेह. तिनं स्वतः जाऊन "तेह-सी कोसोंग" मागितला. गाळ्यामागचे काका सत्तरीचे असतील. त्यांच्या हातात लांब दांड्याची कापडी गाळणी, पायमोज्यासारखी खाली लोंबणारी, वर्षानुवर्षांच्या चहानं काळपट तपकिरी झालेली. एका लांब चोचीच्या भांड्यातून दुसऱ्यात त्यांनी चहा इतक्या उंचावरून ओतला की धार हवेत क्षणभर ताणल्यासारखी दिसली, आणि एक थेंबही बाहेर नाही. "कोसोंग, आंटी," म्हणून त्यांनी कप पुढे सरकवला. इथं वडीलधाऱ्या कुणालाही अंकल, आंटी म्हणतात. आई तो कप दोन्ही हातांत धरून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. उठताना मी ट्रे तसाच ठेवणार होते, तर तिनंच खूण करून दाखवलं, सगळे आपापला ट्रे उचलून नेऊन ठेवतायत. २०२१ पासून तसा नियमच आहे.

बून टॅट स्ट्रीटवरून वळलं की तेलोक आयर. एका बाजूला जुनी दुमजली-तिमजली दुकानघरं, खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा बांधणीची. त्यांच्या पुढच्या अंगाला सलग पाच फुटांची ओसरी. १८२२ सालच्या नगररचनेत, इथं इंग्रजांची वसाहत वसवणाऱ्या रॅफल्सनं घातलेली ही अट, की प्रत्येक घरानं पुढे झाकलेली वाट सोडावी. मलायमध्ये तिला 'काकी लिमा' म्हणतात. लिमा म्हणजे पाच, काकी म्हणजे पाय, फूट. "काकी?" आई खुदकन हसली. मग त्या काकीच्या सावलीतून, मधूनमधून खांबाला हात टेकत, आम्ही चाललो. उन्हातून चालावं लागलं असतं तर अर्ध्या वाटेत परतावं लागलं असतं.

कोपऱ्यावर नागोर दर्गा. १८२८ ते १८३० मध्ये तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी बांधलेला, तमिळनाडूतल्या नागोरच्या दर्ग्याची आठवण म्हणून. त्याच्या पलीकडे थियान हॉक केंग, फुजियानहून आलेल्या चिनी लोकांचं देऊळ, १८३९ ते १८४२ मधलं. त्याच ओळीत पुढे अल-अब्रार मशीद. पहिल्यांदा १८२७ साली ती नुसती झोपडी होती, म्हणून तमिळ लोक तिला 'कुचू पळ्ळी', झोपडीची मशीद, म्हणायचे. आणि टोकाकडे मेथडिस्ट चर्च. एका छोट्याशा रस्त्यावर एवढे देव का, हे मला आधी कळलं नव्हतं. आईला ते दर्ग्यापाशीच कळलं.

"अगं, ही सगळी किनाऱ्यावरची देवळं आहेत. होडीतून उतरला की पहिला देव."

आणि तसंच होतं. हा रस्ता म्हणजेच किनारा होता. थियान हॉक केंगच्या दारापर्यंत समुद्र होता. आतली मुख्य देवता माझू, दर्यावर्दींना सांभाळणारी. तिची मूर्ती १८४० साली चीनहून जहाजानं आली. चीनच्या किनाऱ्यावरून हेलकावे खात आलेला माणूस इथं पाय ठेवायचा आणि सगळ्यात आधी तिच्यापुढे उदबत्ती लावायचा, जिवंत पोहोचलो म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे समोर भराव घातला गेला, त्यावर रस्ते आले, मग इमारती आल्या. आज दारात उभं राहिलं तर समोर काचेच्या भिंती दिसतात.

देवळाचा उंबरा गुडघ्याला लागेल एवढा उंच. आई थबकली. मी हात पुढे केला. तिनं एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं चौकट धरली, खाली बघत आधी उजवा पाय आत टाकला, मग दुसरा उचलून घेतला. या सगळ्यात तिची मान आपोआप खाली गेली होती. लाकडाचा वरचा काठ घासून गुळगुळीत झालेला. आत आल्यावर तिनं वळून त्या काठावर हात फिरवला. धुराचा वास होता, एक आजोबा उदबत्त्या दोन्ही हातांत धरून तीनदा वाकले आणि निघून गेले. आम्ही बाकावर बसलो. आईनं चपलांतून पाय मोकळे केले आणि ती वाऱ्यांबद्दल बोलायला लागली.

मोसमी वारे तिनं शेकडो मुलांना शिकवले असतील. नैर्ऋत्य आणि ईशान्य, बाणांची आकृती, परीक्षेत पाच गुण. "पण मुलांना कधी सांगितलंच नाही की या वाऱ्यांमुळे माणसांना थांबावं लागायचं," ती म्हणाली. चीनची जहाजं ईशान्य मोसमीवर खाली यायची आणि परत जायला नैर्ऋत्य वारा सुटेपर्यंत त्यांना इथंच राहणं भाग होतं. हिंदुस्थानाकडून येणारी उलट वाऱ्यावर यायची. दोन वाऱ्यांच्या मधल्या बेचक्यात हे बेट. महिनोन्‌महिने माल विकत, डागडुजी करत, वाऱ्याची वाट बघत माणसं इथं पडून राहायची. काही परत गेली. काहींनी दुकान टाकलं, देऊळ बांधलं, लग्न केलं.

मी ऐकत होते आणि मला एकदम जाणवलं की आपण ज्याला थांबा म्हणतो त्यावरच हे शहर उभं राहिलं आहे. आमच्यासारखेच पुढचं वाहन येईपर्यंत थांबलेले लोक. त्यांचा वारा सहा महिन्यांनी यायचा, आमचा साडेचारला. माझ्या आधीच्या सात तासांत मी या शहराला मधली जागा समजून पार केलं होतं. या बाकावर बसून मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघत होते.

पाऊण तास बसलो. संग्रहालय होतं, मागच्या भिंतीवर स्थलांतरितांची गोष्ट सांगणारं लांबलचक चित्र होतं. ते बघायला मी एकटीच पटकन जाऊन आले.

अकरा वाजून गेले होते. ऊन तापलं होतं. टॅक्सी करून कॅव्हेनाग पुलाच्या तोंडाशी उतरलो. १८६९ सालचा लोखंडी झुलता पूल, आता फक्त चालणाऱ्यांसाठी. त्याच्यावर जुनी पोलिसी पाटी तशीच आहे: भरलेलं वजन ३ हंड्रेडवेटच्या, म्हणजे सुमारे दीडशे किलोच्या वर असलेल्या वाहनांना बंदी, आणि सगळ्या गाईगुरांना आणि घोड्यांना. पूल ओलांडून एस्प्लनेड पार्कमध्ये आलो, झाडांच्या गर्द सावलीत.

इथं यायचं मी ठरवलं होतं पण आईला सांगितलं नव्हतं. पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारकाची पायाभरणी नेताजींनी जुलै १९४५ मध्ये केली आणि सप्टेंबरमध्ये इंग्रज परत आल्यावर त्यांनी ते पाडून टाकलं. १९९५ साली त्या जागी सिंगापूरनं नवी खूण उभारली. मूळ स्मारकावर तीन शब्द होते: इत्तेफाक, इत्माद, कुर्बानी. एकी, विश्वास, बलिदान. जवळच पाडांगचं मैदान, जिथं ५ जुलै १९४३ रोजी नेताजींनी सेनेची सलामी घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच शहरात आझाद हिंदचं सरकार जाहीर झालं आणि झाशीच्या राणीच्या नावानं बायकांची पलटण उभी राहिली. त्या पलटणीत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या कितीतरी तमिळ मुली होत्या, ज्यांनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

आईनं मजकूर सावकाश वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला. "कधी न बघितलेल्या देशासाठी," एवढंच म्हणाली आणि बाजूच्या बाकावर बसली. तिचा आवाज जड झाला होता. मी पाण्याची बाटली दिली. काही बोलले नाही.

जरा वेळानं समोर पाणी दिसत होतं त्याकडे बोट करून ती म्हणाली, "हा तरी समुद्र ना?"

तोही नव्हता. २००८ साली मरिना बॅरेज हा बंधारा पूर्ण झाला, भरतीचं पाणी अडलं आणि हळूहळू हा सगळा उपसागर गोड्या पाण्याचा तलाव झाला. बेटाच्या सहाव्या हिश्श्यावर पडणारा पाऊस इथं जमतो आणि पुढे नळाला जातो. आईला हे इतकं आवडलं की तिनं मला दोनदा सांगायला लावलं. नद्या मोठ्या नाहीत, पाणी शेजारच्या देशातून विकत घ्यावं लागतं, अशा लोकांनी समुद्राचंच गोडं पाणी करून घेतलं. पलीकडच्या काठावर ते तीन मनोरे आणि त्यांच्यावरचं जहाज दिसत होतं. ते ज्या जमिनीवर आहेत तीही भरावाची. १९६५ साली स्वतंत्र झाला तेव्हा हा देश सुमारे ५८० चौरस किलोमीटरचा होता, आज ७३० च्या वर आहे. "नकाशे दरवर्षी नवे घ्यावे लागत असतील शाळांना," आई म्हणाली. मनोऱ्यांवर जायचं का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. "इथून दिसतंय की छान."

एकला टॅक्सी पकडली. पंचवीस-तीस डॉलर होतात, पण गुडघ्यांसाठी ते खर्च करावेत आणि वेळेचीही खात्री राहते. विमानतळावर ज्युएल या दुकानसंकुलातला चाळीस मीटर उंचीचा धबधबा बघितला, काचेच्या घुमटाच्या मधोमध पडणारा. पाणी पडताना त्याचा गारवा तोंडावर येतो. दहा मिनिटं उभे राहिलो. मग तपासणी, मग गेट. १९८१ साली सुरू झालेला हा विमानतळ बराचसा भरावाच्याच जमिनीवर आहे, हे मी आईला तिथं बसल्यावर सांगितलं. तिनं पायाखालच्या गालिच्याकडे पाहिलं.

विमान उडालं तेव्हा आई खिडकीशी होती. पंख कलला आणि खाली एकदम निळं-हिरवं पाणी आलं, मोकळं, क्षितिजापर्यंत. त्यावर जहाजं. नांगर टाकून उभी असलेली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, बंदरात जागा मिळायची वाट बघत.

"हा बघ," आईनं माझ्या दंडावर हात ठेवला, "इथं आहे."

मग ती जहाजं मोजायला लागली, ओठ हलवत, मुलांची हजेरी घेतल्यासारखी. त्रेचाळीसपर्यंत आली होती, तेवढ्यात ढग आले.